नेम रिअ‍ॅक्शनची यादी आत्ता नको, आधी 'दुसरं का नाही?' विचारा

सेंद्रिय रसायनशास्त्रात पदवीला पाठांतरावर चांगले गुण मिळाले, पण एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात न पाहिलेला प्रॉब्लेम समोर आला की पेन चालत नाही. मग दोनशे नेम रिअ‍ॅक्शनची (शोधकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची) यादी पाठ करायला घेऊ का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर: घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

पदवीला बहुतेक वेळा 'काय तयार होईल?' एवढंच विचारतात. पुढे विचारतात की हेच का झालं, शेजारचं दुसरं प्रॉडक्ट का नाही, आणि झालंच तर किती टक्के. याचं उत्तर कुठल्याही यादीत नसतं. यादी पाठ असलेली मुलं परीक्षेत नाव बरोबर ओळखतात आणि पुढच्या ओळीत चुकीचा प्रोटॉन काढतात, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे.

पाठ करायचंच असेल तर पीकेएचे पंधरा-वीस आकडे करा. पीकेए म्हणजे आम्लतेचं माप: आकडा जितका लहान, तितका प्रोटॉन सहज सुटतो. हे पाठांतर मात्र खरोखर कामाला येतं. इथेनॉल १६, अ‍ॅसिटोन साधारण १९, इथाइल अ‍ॅसिटेट २५, मॅलोनेट एस्टर १३, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ११, डायआयसोप्रोपिलअमाइन ३६ च्या आसपास. आता वापरून बघा. अ‍ॅसिटोनमध्ये सोडियम इथॉक्साइड घातलं तर फरक तीनचा, आणि दर एककाला दहापट, म्हणजे हजारात एखादाच रेणू प्रोटॉन गमावून इनोलेट होतो. बाकीचं कीटोन तसंच शिल्लक, म्हणून आल्डॉल (इनोलेटचा उरलेल्या कीटोनवर हल्ला) व्हायला वाव. एलडीए (डायआयसोप्रोपिलअमाइनचा प्रोटॉन काढून मिळणारा लिथियम बेस) घातलं तर सगळंच इनोलेट, हल्ला करायला कीटोन उरतच नाही, म्हणून तुम्ही नंतर सावकाश तुमचा अल्किल हॅलाइड घालू शकता. कीटोन तेच, बेस बदलला आणि रसायनच बदललं. 'एलडीए हा स्ट्राँग बेस आहे' एवढं वाक्य पाठ करून हे दिसत नाही.

क्लेझन कंडेन्सेशन बघा, म्हणजे दोन एस्टर जोडून बीटा-कीटोएस्टर करणं. इथॉक्साइड १६, एस्टर २५, म्हणजे पहिली पायरी जवळपास होतच नाही म्हटलं तरी चालेल. मग प्रॉडक्ट कसं मिळतं? कारण शेवटी तयार होणाऱ्या बीटा-कीटोएस्टरचा दोन कार्बोनिलमधला हायड्रोजन ११ चा असतो. तो इथॉक्साइड ओढून घेतं आणि सगळा समतोल त्या बाजूला झुकतो. म्हणूनच बेस चिमूटभर घालून भागत नाही, पुरेपूर घालावा लागतो. आता स्वतःला विचारा: इथाइल आयसोब्युटिरेटचं क्लेझन सोडियम इथॉक्साइडने का होत नाही? प्रॉडक्टमध्ये तो मधला हायड्रोजनच नाही. हे स्वतः काढता आलं की क्लेझन, डीकमान (एकाच रेणूच्या आत होणारं क्लेझन) आणि रेट्रो-क्लेझन (उलट दिशेचं) एकाच बैठकीत समजतात.

एक सावधगिरी. पाण्यातले आणि डीएमएसओ या द्रावकातले आकडे एकत्र करू नका. पाण्याचाच पीकेए डीएमएसओमध्ये ३१ च्या पुढे जातो. एका तक्त्यातले आकडे घ्या आणि तेच वापरा.

मेकॅनिझमबद्दल, म्हणजे अभिक्रियेच्या पायऱ्यांबद्दल: बघून उतरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. सुरुवातीचं रसायन आणि शेवटचं प्रॉडक्ट कोऱ्या कागदावर लिहा, वही बंद करा आणि मधलं भरा. प्रत्येक पायरीला फ्लास्कमध्ये खरंच काय आहे ते विचारा. आम्ल माध्यमात मोकळा अल्कॉक्साइड फिरत नसतो, आणि बेसिक माध्यमात प्रोटॉन लागलेला कार्बोनिल नसतो. एवढा एक नियम पाळला तरी उत्तरपत्रिकेतल्या निम्म्या लाल रेघा कमी होतील. (चार रंगांची पेनं घेऊन सुंदर नोट्स काढणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण त्या नोट्स परत कोण उघडतं ते एकदा तपासा.)

'किती टक्के' या प्रश्नासाठी ऊर्जेचा एकच हिशोब लक्षात ठेवा. खोलीच्या तापमानाला दोन संक्रमण अवस्थांमध्ये (अभिक्रियेच्या वाटेवरची ऊर्जेची शिखरं) साधारण १.४ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक म्हणजे वेगात दहापट फरक. ९९ विरुद्ध १ हवं असेल तर सुमारे २.७ लागतात. तेच उणे ७८ अंशांना फक्त १.८ पुरतात. निवडक अभिक्रिया एवढ्या थंडीत का करतात, याचं मोठं कारण या दोन आकड्यांत आहे. २-मिथाइलसायक्लोहेक्झानोनचं नेहमीचं उदाहरणही असंच वाचा: थंड एलडीएमध्ये कीटोन हळूहळू घातलं तर कमी प्रतिस्थापित बाजूचं इनोलेट मिळतं. पण कीटोन किंचित जास्त ठेवून तापमान वाढू दिलं, तर तेच उरलेलं कीटोन प्रोटॉनची देवाणघेवाण करतं आणि हळूहळू जास्त स्थिर इनोलेट जमा होतं. म्हणजे कशात काय घातलं हा क्रमसुद्धा मेकॅनिझमचाच भाग आहे. प्रॅक्टिकलच्या पुस्तकातली 'थेंबाथेंबाने घाला' ही सूचना कंटाळवाणी वाटते, पण तिथेच खरं रसायन असतं.

स्टिरिओकेमिस्ट्रीला, म्हणजे रेणूच्या त्रिमितीय मांडणीला, पर्याय नाही, आणि ती डोक्यात फिरवून येत नाही. मॉडेल किट घ्या, खुर्च्या (सहा कार्बनच्या रिंगचा खुर्चीसारखा आकार) काढा, रोज काढा. मेंथिल आणि निओमेंथिल क्लोराइडचं ई-२ (बेस हायड्रोजन काढतो, त्याच वेळी क्लोरीन निघतो आणि दुहेरी बंध होतो) एकदा स्वतः सोडवा. इथॉक्साइडबरोबर निओमेंथिल सुमारे दोनशे पट वेगाने जातो आणि मुख्यतः ३-मेंथीन देतो. मेंथिलमध्ये क्लोरीन अक्षीय (खुर्चीला उभा, वर किंवा खाली) करायला तिन्ही गट अक्षीय करावे लागतात, म्हणून तो रेंगाळतो आणि फक्त २-मेंथीन देतो. सायटसेफचा नियम (जास्त प्रतिस्थापित दुहेरी बंध मुख्य) पाठ असलेला माणूस इथे हमखास अडकतो. खुर्ची काढणाऱ्याला मात्र उत्तर कागदावरच दिसतं, कारण मेंथिलमध्ये क्लोरीनच्या विरुद्ध दिशेचा (अँटी) हायड्रोजन एकाच बाजूला आहे.

पेरिसायक्लिक अभिक्रियांची (ज्यांत इलेक्ट्रॉन एकाच वेळी वर्तुळात सरकतात) भीती उगाच आहे. वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ मध्ये नियम मांडले, त्यानंतर ते समजावण्याच्या तीन-चार पद्धती झाल्या. फ्रंटियर ऑर्बिटल घ्या किंवा दुसरी कुठलीही, पण एकच घ्या. आठवडाभर उदाहरणं सोडवलीत की विषय संपतो.

स्पेक्ट्रोस्कोपीला मात्र रोज अर्धा तास द्याच. रेणुसूत्रावरून असंपृक्ततेचा अंश (रिंग आणि पाय-बंधांची एकूण संख्या) काढल्याशिवाय एनएमआरकडे बघायचं नाही, ही शिस्त ठेवा. मग आयआरमध्ये कार्बोनिल (आकडे सेंमी⁻¹ मध्ये): सायक्लोहेक्झानोन १७१५, सायक्लोपेंटानोन १७४५, सायक्लोब्युटानोन १७८० च्या जवळपास. रिंग लहान झाली की आकडा चढतो, कॉन्जुगेशनने उतरतो. त्यानंतर एनएमआरमधलं कपलिंग (शेजारच्या हायड्रोजनमुळे रेषा फुटतात त्यांचं अंतर): दुहेरी बंधावर १६ हर्ट्झ दिसले तर ट्रान्स, १० च्या आसपास असले तर सिस, खुर्चीत १० ते १२ दिसले तर दोन्ही हायड्रोजन अक्षीय. आणि प्रयोगशाळेत स्वतःच्या प्रॉडक्टचा स्पेक्ट्रम काढायच्या आधी तो कसा दिसेल ते कागदावर लिहून ठेवा. तयार स्पेक्ट्रम बघून 'हो, असंच असणार' म्हणणं फार सोपं असतं.

आता नेम रिअ‍ॅक्शन. त्या लागतातच, पण घराणी लावून. आल्डॉल, मॅनिख, क्लेझन, क्नोव्हेनागेल, मायकेल, रॉबिन्सन अ‍ॅन्युलेशन ही सगळी इनोलेट किंवा त्याच्या भावंडांची कामं. इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉन घेणारा जोडीदार) तेवढा बदलतो. बेकमन, बायर-व्हिलिगर, हॉफमन (वुडवर्डच्या जोडीदाराहून वेगळे), कर्टियस यांत कार्बनचा गट शेजारच्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनवर सरकतो. अशी लावलीत तर दोनशेची दहा-बारा घराणी होतात.

रेट्रोसिंथेसिस (हव्या रेणूपासून मागे जात सुरुवातीची रसायनं शोधणं) शेवटी घ्या, पण सुरुवात मोठ्या रेणूंनी करू नका. रॉबिन्सनने १९१७ मध्ये केलेलं ट्रोपिनोन घ्या. त्याआधी विलश्टेटरने ते लांबलचक मार्गाने केलं होतं. रॉबिन्सनने सक्सिनाल्डिहाइड, मिथाइलअमाइन आणि अ‍ॅसिटोनडायकार्बोक्झिलिक आम्ल एकाच भांड्यात घेतलं. आधी रेणूची सममिती शोधा, मग दोन मॅनिख अभिक्रिया कुठे बसतात ते काढा. साध्या अ‍ॅसिटोनऐवजी त्याचं डायआम्ल घेतल्याने काय सोपं झालं आणि ते जास्तीचे कार्बोक्झिल गट शेवटी कुठे गेले, याचं उत्तर स्वतः लिहा. ते जमलं की सक्सिनाल्डिहाइडच्या जागी ग्लुटाराल्डिहाइड घ्या आणि स्यूडोपेलेटिएरिनपर्यंतचा प्रत्येक बाण न बघता काढा.