कवटी बाहेरून आणि आतून: वाचकांचे प्रश्न

हत्तीच्या कपाळावरचे दोन उंचवटे म्हणजे मेंदूचे दोन अर्धगोल, असं मुलांना सांगितलं जातं. हे बरोबर आहे का? मग एवढ्या मेंदूचा हत्ती आपल्यापेक्षा हुशार का नाही?

बरोबर नाही. ज्याला आपण गंडस्थळ म्हणतो, त्याच्या आत दंतकथेतले मोती तर नाहीतच, पण मेंदूही नाही. तिथे हवा आहे. हत्तीच्या कवटीचं बाहेरचं आणि आतलं हाड एकमेकांपासून लांब गेलेलं असतं आणि मधली जागा मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ कप्प्यांनी भरलेली असते. सोंड, सुळे आणि जबडा पेलणाऱ्या स्नायूंना धरायला मोठा पृष्ठभाग हवा, पण तेवढं भरीव हाड मानेला झेपणार नाही. त्यातून हा मार्ग निघाला. मेंदू खाली, मागच्या बाजूला बसलेला असतो. कुत्रा, तरस किंवा नर गोरिला यांच्या डोक्यावरची हाडाची धारही अशीच चावण्याच्या स्नायूसाठी असते. तिचा मेंदूशी संबंध नाही.

आता हुशारीचं. हत्तीचा मेंदू साधारण साडेचार-पाच किलोचा, आपला १३५० ग्रॅमचा. नुसतं वजन धरलं तर हत्ती जिंकतो. शरीराशी प्रमाण काढलं तर उंदीर आपल्या बरोबरीला येतो: २० ग्रॅमच्या उंदराचा मेंदू ०.४ ग्रॅम, म्हणजे पन्नासास एक. आपलंही जवळपास तेच. शरीर मोठं होतं तसा मेंदू त्याच वेगाने वाढत नाही, म्हणून साधं प्रमाण फसवं ठरतं. मेंदूच्या उत्क्रांतीचे अभ्यासक हॅरी जेरिसन यांनी १९७३ मध्ये यावर एक हिशेब मांडला. शरीराचं वजन ग्रॅममध्ये घ्या, घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, ०.१२ ने गुणा. हा झाला 'अपेक्षित' मेंदू. खऱ्या मेंदूच्या वजनाला त्याने भागा. चार किलोच्या मांजरीचं उत्तर १ च्या आसपास येतं, चार टनांच्या हत्तीचं दीडच्या, ६५ किलोच्या माणसाचं ७ च्या.

हा आकडाही डोळे झाकून वापरू नका. लठ्ठ कुत्र्याचा आकडा घसरतो, म्हणून तो मठ्ठ ठरत नाही. चेतापेशी मोजल्या तर चित्र आणखी बदलतं. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या, आपल्या तिप्पट. पण त्यातल्या ९७.५ टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या मागच्या लहान मेंदूत, आहेत. प्रमस्तिष्काच्या बाह्यांगात, म्हणजे मोठ्या मेंदूच्या विचार करणाऱ्या बाहेरच्या थरात, हत्तीच्या ५.६ अब्ज, आपल्या १६ अब्ज.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी कवटीतल्या मेंदूच्या पोकळीचं आकारमान मोजायचं आहे. घरगुती साधनांनी जमेल का?

जमेल, पण कवटी शेळी-बोकडाचीच घ्या. जंगलात सापडलेली रानडुकराची किंवा कोल्ह्याची कवटी उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो.

खाटकाला आधीच सांगा की मुंडी फोडायची नाही. भेजा काढून देण्यासाठी ती मधोमध फोडायची सवय असते आणि मग सगळंच संपतं. जनावर शक्यतो वयस्क हवं. कोवळ्या बोकडाच्या कवटीच्या शिवणी जुळलेल्या नसतात, शिजवताना हाडं सुटी होतात.

कातडं आणि जाड मांस काढून मुंडी पाण्यात मंद आचेवर ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे घाला. खळखळून उकळू देऊ नका, नाहीतर चरबी हाडात मुरते आणि कवटी पुढे पिवळी, चिकट होते. मांस सुटू लागलं की मागच्या मोठ्या भोकातून, म्हणजे जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो तिथून, वाकवलेली तार घालून मेंदू ढवळा आणि नळाच्या पाण्याने धुऊन काढा. तार पुढच्या टोकाला खुपसू नका. तिथे नाक आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाची चाळणीसारखी पातळ पट्टी असते. ती फुटली की मोहरी नाकात उतरते आणि आकडा फुगतो. पांढरं करायला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक दिवस पुरे. ब्लीचिंग पावडर नको, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. सावलीत चार-पाच दिवस पूर्ण वाळवा.

मग डोळ्यांच्या खोबणीतली आणि तळाची छोटी भोकं बाहेरून कापसाने बुजवा. कापूस आत शिरला तर तेवढी जागा खातो. मोठ्या भोकातून मोहरी ओता, दहा वेळा टिचक्या मारा, पुन्हा भरा, काठोकाठ झाली की २५० मिलीच्या मापनपात्रात काढा. नेमकी इथे सर्वांची चूक होते: कवटीला टिचक्या मारतात आणि मापनपात्राला मारायला विसरतात. मोहरी एकीकडे दाटून, दुसरीकडे सैल बसते आणि आकडा वाढून येतो. दोन्हीकडे सारख्याच टिचक्या. पाच वेळा मोजून सरासरी घ्या. आकड्यांत तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कुठेतरी गळती आहे. शेळीचं उत्तर शंभर मिलीच्या आगेमागे यायला हवं. खरा मेंदू त्याहून थोडा लहान, कारण आवरणं आणि रक्तवाहिन्याही त्याच पोकळीत असतात.

अमेरिकेत फिलाडेल्फियात सॅम्युअल मॉर्टन हे वैद्य १९व्या शतकात माणसांच्या कवट्या आधी बियांनीच मोजत. आकडे दरवेळी वेगळे येतात म्हणून ते शिशाच्या छऱ्यांकडे वळले. पद्धत सुधारली, त्या आकड्यांवर त्यांनी मानववंशांची जी उतरंड रचली ती मात्र टाकाऊच.

मेंदू तर कुजून जातो. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या मेंदूचा आकार कळतो कसा?

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. मगरीचा मेंदू पोकळीत सैल बसतो, आपला मात्र हाडाला इतका भिडून वाढतो की आतल्या बाजूला त्याचा ठसा उमटतो, रक्तवाहिन्यांच्या खाचांसकट. पोकळीत गाळ भरून दगड झाला की आयता साचा मिळतो; नाहीतर सीटी स्कॅन करून संगणकात तो काढतात.

चीनच्या युन्नानमध्ये सापडलेल्या हॅड्रोकोडियम या सस्तनांच्या आद्य नातलगाची कवटी जेमतेम १२ मिलिमीटर, वय सुमारे साडेएकोणीस कोटी वर्षं. ती आणि तिच्याहून जुन्या मॉर्गान्युकोडॉन या तशाच जिवाची कवटी स्कॅन केल्यावर २०११ मध्ये दिसलं, की आधी फुगले ते घ्राणकंद, म्हणजे नाकाकडून वासाचे संदेश घेणारे मेंदूचे पुढचे गोळे, आणि वासाशी जोडलेला मेंदूचा भाग. केसांमधून येणाऱ्या स्पर्शाचाही त्यात वाटा मानला जातो. मेंदूची वाढ विचारासाठी सुरू झाली असं आपल्याला वाटतं. पुरावा मात्र अंधारात हुंगत फिरणाऱ्या चिचुंद्रीएवढ्या जिवांकडे बोट दाखवतो.

आमचा पग सतत घोरतो. चपट्या तोंडाचा मेंदूवर परिणाम होतो का?

ठेवणीवर होतो. २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की आखूड तोंडाच्या कुत्र्यांचा मेंदू पुढच्या बाजूने खाली कलतो आणि घ्राणकंद तळाकडे सरकतो. वास कितपत कमी येतो, हे त्यावरून ठरत नाही.

घोरण्याचं कारण साधं आहे. माणसाने निवड करून हाडं आखूड केली, तोंडातली मऊ टाळू आणि जीभ त्या मानाने आखूड झाली नाही. दातही तेवढेच, ४२. ते दाटीवाटीने, आडवेतिडवे येतात. कुत्रा जीभ बाहेर काढून हवेने अंग थंड करतो आणि पगची तीच वाट अरुंद. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला सकाळी सातनंतर फिरवू नका, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, वजन वाढू देऊ नका. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर थांबू नका, थेट डॉक्टर. नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया होते आणि योग्य वेळी केली तर उपयोग होतो.

आजी बाळाचं डोकं तेल लावून दाबते, 'गोल होतं' म्हणते. कवटी मेंदूला आकार देते की मेंदू कवटीला?

मुख्यतः मेंदू कवटीला. वाढता मेंदू हाडं बाहेर ढकलतो, ताण पडला की शिवणींच्या कडेने नवं हाड भरतं. बाळाच्या डोक्यावरची टाळू ही त्याच व्यवस्थेतली मोकळी जागा. पुढची टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. जन्मताना आपला मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ३० टक्क्यांहून कमी असतो, चिंपांझीचा सुमारे ४०, म्हणून आपल्याला ही जागा जास्त लागते. एखादी शिवण अकाली जुळली तर मेंदू दुसऱ्या दिशेने वाट काढतो आणि डोकं लांबट किंवा तिरकं होतं. ते मालिशने सुटत नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेल हलक्या हाताने लावा, दाबू नका. एका कुशीवर झोपून आलेला चपटेपणा जागेपणी पोटावर खेळवल्याने बराचसा भरून येतो.

दख्खनच्या लाव्ह्यात सस्तन प्राण्यांच्या कवट्या मिळतात का?

लाव्ह्यात नाही. दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात दात मिळतात. तेलंगणातल्या नसकल इथल्या डेक्कनोलेस्टिस या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे मिलिमीटरभराचे दात आणि घोट्याची हाडं आहेत. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून त्याच्या एका जातीचं नाव हिस्लोपी. माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा निवडतात. इवल्या कवटीचं कागदासारखं हाड त्याआधीच चुरलेलं असतं. त्यामुळे त्याच्या मेंदूबद्दल कोणी काही सांगू लागलं तर आधी कवटी दाखवायला सांगा. मेंदूचे साचे पाहायचे तर कच्छमधल्या इओसीन काळातल्या आद्य देवमाशांकडे वळावं लागतं. तिथेही साच्याचा मोठा भाग मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा असतो. तो वजा केल्याशिवाय वजन काढलं, तर चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा देवमासा उगाच बुद्धिमान ठरतो.