मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीतील हू, विच, दॅट चुकतात का? ते नेमके केव्हा वापरावेत?

हू माणसांसाठी, विच वस्तूंसाठी आणि दॅट दोन्हींसाठी चालतो, हे तुम्हाला शाळेतच सांगितलेले असणार. स्पर्धा परीक्षेत या प्रश्नावर तुमचे गुण जातात ते बहुधा स्वल्पविरामामुळे. मात्र तुम्ही प्रश्नात ‘मराठी माध्यमात शिकल्यामुळे’ असे लिहिले नसते, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो.

१९९३ च्या पावसाळ्यात मी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत पत्रव्यवहार पाहत असे. परराज्यातील खरेदीदाराने पसंत केलेल्या ४० पोत्यांपैकी ६ पोती गळक्या पत्र्याखाली भिजली, म्हणून मी त्याला कळवले: ‘द बॅग्ज, विच वेअर वेट, हॅव बीन केप्ट असाइड.’ या वाक्याचा इंग्रजीतील अर्थ असा होतो की सगळीच पोती भिजली होती आणि सगळीच बाजूला ठेवली आहेत. त्याने फोन करून सौदा रद्द केला. मालकांचा पुतण्या बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकलेला होता. मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजी पत्र लिहायला दिले की असेच होणार, असे तो हमालांसकट सर्वांसमोर म्हणाला. चूक कुठे झाली, असे मी विचारले तेव्हा त्याने स्थळप्रतीवरील ‘विच’ खोडून वर ‘दॅट’ लिहिले आणि दोन्ही स्वल्पविराम तसेच राहू दिले. त्याची दुरुस्तीही चुकीचीच होती, कारण स्वल्पविरामांनी वेगळ्या काढलेल्या अशा उपवाक्यात दॅट चालतच नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो.

पुढे विचार करताना लक्षात आले की मराठीत मी हे वाक्य कधीच चुकलो नसतो. ‘जी पोती भिजली होती, ती बाजूला ठेवली आहेत’ असे म्हटल्यावर सगळीच पोती भिजली, असे कोणीही समजणार नाही, कारण आपली जो-तो ही रचना अनेकांतून काहींची निवड करते. सगळीच भिजली असती, तर आपण ‘पोती भिजली होती, म्हणून ती बाजूला ठेवली’ अशी दोन विधाने केली असती. म्हणून मनातले वाक्य जो-तो मध्ये सहज बसत असेल, तर इंग्रजीत स्वल्पविराम देऊ नये, आणि ते दोन विधानांत सांगावेसे वाटत असेल, तर स्वल्पविराम देऊन हू किंवा विच वापरावे. आपण मराठीत ‘जी’ आणि ‘ती’ यांच्या मध्ये जो विराम देतो, तो उचलून मी इंग्रजीत नेला, हा दोष माझ्या मराठीचा नव्हे, माझ्या निष्काळजीपणाचा होता. ‘विच बॉय केम, ही इज माय ब्रदर’ ही चूकही अशीच होते, कारण तिथे आपण ‘जो मुलगा’ शब्दशः उचलतो आणि शिवाय ‘तो’ही ठेवतो. वखारीतील माझे कन्नड सहकारी ही चूक करत नसत, कारण त्यांच्या बोलण्यात ‘निन्ने बंद हुडुग’, म्हणजे ‘काल आलेला मुलगा’, अशी रचना येते. ते हू हा शब्दच गाळत आणि क्रियापद नामाच्या आधी नेत.

म्हणून मराठी माध्यमाला दोष देणाऱ्यांचे ऐकू नका. भिजलेल्या पोत्यांचे वाक्य स्वल्पविरामांसह आणि स्वल्पविरामांविना त्यांच्यापुढे ठेवा आणि अर्थ कसा बदलतो, ते विचारा. इंग्रजी माध्यमातील मुलांना सवयीने बरोबर लिहिता येते, पण कारण सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

निवड करणाऱ्या उपवाक्यात दॅट आणि माहितीची भर घालणाऱ्यात विच, अशी वाटणी इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणारे ब्रिटिश लेखक फाउलर यांनी १९२६ मध्ये सुचवली होती आणि अमेरिकेत ती बरीच पाळली जाते, पण ब्रिटिश लेखक पहिल्या जागीही विच लिहितात, त्यामुळे तेवढ्यावरून वाक्य चुकीचे ठरवू नका. एकट्या व्यक्तीच्या नावापुढे निवडीचा प्रश्नच नसतो, म्हणून तिथे स्वल्पविराम द्यावाच लागतो. हूमच्या बाबतीत मात्र मराठीवर पूर्ण विसंबू नका: ‘ज्याला मी बोलावले’ येथे हूम बरोबर आहे, पण ‘ज्याला ताप आला’ येथे ‘ज्याला’ असूनही इंग्रजीत ‘द बॉय हू हॅड फीवर’ असेच लिहावे लागते.