बी. प्रभांच्या कोळणी एवढ्या उंच का?

प्रश्न: परवा एका प्रदर्शनात बी. प्रभांचं चित्र बघितलं, कोळीणच आहे पण मान केवढी लांब! अशी का काढायच्या? आणि या होत्या कुठल्या?

उत्तर: अहो, आपल्या नागपूरजवळच्या बेल्याच्या, जन्म १९३३चा. आधी नागपूरला शिकल्या मग मुंबईत जेजेला (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट), चित्रकार अमृता शेरगिलचा प्रभाव होताच पण त्या लांबुडक्या बायका, झुकलेली नजर आणि अख्ख्या कॅनव्हासवर एकाच रंगाचं राज्य, हे त्यांचं स्वतःचं. मान लांब केली की बाई दमलेली असूनही ताठ दिसते, निदान मला तरी. नवरा बी. विठ्ठल शिल्पकार, म्हणजे घरात दोघंही कलावंत (स्वयंपाक कोण करायचं देव जाणे). पुढच्या वेळी टोपलीतल्या मासळीआधी चेहरा बघा, हसू सापडणं कठीणच.