ब्यूट चालू असताना घोडीला रक्त पातळ करायची गोळी द्यावी का?

तुम्ही विचारलंय की वरातीच्या घोडीचे पुढचे पाय धरलेत, डॉक्टरांनी लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) म्हणून फिनाइलब्युटाझोन हे दुखणं-सूज कमी करणारं औषध, म्हणजे आपलं ब्यूट, सुरू केलंय. आता ओळखीतले एकजण सांगताहेत की घरात वडिलांची रक्त पातळ करायची गोळी पडलीय ना, तीही द्या, खुरात रक्त खेळेल. द्यावी का?

नका देऊ. ती वॉर्फरिन असेल तर अजिबात नाही.

मी नागपुरात जनावरांचा डॉक्टर आहे आणि लग्नसराईत माझ्याकडे निम्मे फोन वरातीच्या घोड्यांचेच असतात. काही वर्षांपूर्वी सक्करदऱ्याकडच्या एका तबेल्यातून असाच फोन आला होता. घोडी ब्यूटवर होती. मानेला सुई टोचली तिथे लिंबाएवढी गाठ आली होती, ती दुसऱ्या दिवशी नारळाएवढी झाली आणि छातीखालीही सूज उतरली. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. मी विचारलं, आणखी काय दिलं? बराच वेळ कोणी बोलेना. मग म्हातारे मालक म्हणाले, "गोळी त आमच्या भावाचीच व्हती जी, बाहेरची नाही आणली."

वॉर्फरिनची पाच मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, पाच दिवस. एवढ्या मोठ्या जनावराला माणसाच्या एका गोळीने काय होणार, असं त्यांना वाटलं. बहुतेकांना तसंच वाटतं. पण घोड्यात वॉर्फरिनचा सुरुवातीचा डोसच किलोमागे साधारण ०.०१८ मिलिग्रॅम धरतात. साडेतीनशे किलोच्या घोडीला तो सहा-साडेसहा मिलिग्रॅम येतो, म्हणजे माणसाची सव्वा गोळी.

त्यावर ब्यूट. ही दोन्ही औषधं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात. चिकटलेलं वॉर्फरिन काम करत नाही, सुटं असलेलंच करतं. पंगतीत आधी बसलेल्याला उठवून दुसऱ्याने पाट बळकवावा, तसं ब्यूट वॉर्फरिनला हुसकावतं. शिवाय शरीरातून त्याची विल्हेवाटही मंदावते. एरवी झेपला असता तो डोस मग विष होतो. वॉर्फरिन यकृताला व्हिटॅमिन के वापरू देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे नवे घटक तयार होत नाहीत. जुने संपेपर्यंत मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून 'दोन दिवस दिली, काही झालं नाही' या बोलण्याला अर्थ नाही.

तो सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही, हेही सांगतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये खुरातल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या दुखण्यावर घोड्यांना खरोखर वॉर्फरिन देत. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, असा तेव्हाचा समज होता. पण तेव्हाही वारंवार रक्त तपासून डोस ठरवत, आणि पुढे तो उपचार मागे पडला.

त्या दिवशी तबेल्यात मी साध्या काचेच्या दोन नळ्यांत रक्त घेतलं, एक तिचं आणि एक शेजारच्या ठणठणीत घोड्याचं. दोन्ही मुठीत धरून बसलो. घोड्याचं रक्त माणसाच्या रक्तापेक्षा सावकाश गोठतं, पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात तांबड्या पेशी भराभर तळाशी बसतात आणि वर पिवळंजर्द पाणी दिसतं. पहिल्यांदा बघणारा कावीळ म्हणून घाबरतो, पण घोड्याचा प्लाझ्मा मुळातच पिवळा असतो. शेजाऱ्याची नळी अकराव्या मिनिटाला उलटी केली तर थेंब पडला नाही. तिची अर्ध्या तासानंतरही पाण्यासारखी हलत होती. लॅबमध्ये पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायला पाठवाल तेव्हाही निरोगी घोड्याचा नमुना सोबत द्या. रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा बहुधा माणसाची असते. आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत कमी आल्या तर लगेच हादरू नका, घोड्यात त्या तिथे कधीकधी एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा मोजून घ्या.

तोवर मालकांचा पोरगा औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन के घेऊन आला. बघतो तर के-तीन, मेनाडिओन. ते इंजेक्शन घोड्याची किडनी घालवतं. परत पाठवलं आणि के-एक मागवलं. तेही शिरेत नाही, कातडीखाली दिलं. त्यानंतरही यकृताला नवे घटक बनवायला काही तास लागतातच. ती रात्र आम्ही जागून काढली. घोडी वाचली, पण त्या हंगामात वरातीला निघाली नाही.

आता ब्यूटबद्दल. एकट्या ब्यूटने रक्त गोठायचं थांबत नाही. प्लेटलेटवर त्याचा थोडा परिणाम होतो, पण औषध उतरलं की तोही ओसरतो. त्याचा खरा त्रास पोट, आतडी आणि किडनीला. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, पाणी कमी प्यायलेल्या घोडीला तर जास्तच. त्यावर फ्लुनिक्सिन किंवा मेलोक्सिकॅम ही ब्यूटच्याच जातीची औषधंही टोचून घेतात काही जण, दुखणं लवकर जावं म्हणून. तसं करू नका. पोटात व्रण होऊन रक्त गेलं तर ते गोठण्याच्या बिघाडाइतकंच महागात पडतं.

ब्यूटचं इंजेक्शन शिरेतच जायला हवं. बाजूला सांडलं तर मांस सडतं, शीर सुजते आणि तिथे गुठळी होते. मानेच्या खोबणीत दोरीसारखी कडक शीर हाताला लागली तर त्या बाजूला पुन्हा सुई नको. रक्त पातळ करायच्या गोळीपेक्षा या एका गोष्टीकडे मालकांनी लक्ष दिलं तर बरं.

घरातली गोळी ॲस्पिरिन असेल तर प्रकरण एवढं गंभीर नाही. घोड्यात ॲस्पिरिन काही मिनिटांत रक्तातून जातं, पण प्लेटलेटवरचा ठसा राहतो, नव्या प्लेटलेट येईपर्यंत. तरी घोड्याच्या प्लेटलेट दुसऱ्या वाटेनेही एकत्र येतात, त्यामुळे माणसाइतका भरवशाचा उपयोग होत नाही. आणि ब्यूटसोबत पोटाला त्रास द्यायला तेवढं पुरेसं आहे.

गोळी आधीच गेली असेल तर कोणती, किती आणि कधीपासून, हे तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा, लाजू नका. गोळीची पट्टी सोबत ठेवा. सुई टोचल्या जागी गाठ वाढतेय, नाकातून रक्त येतंय किंवा हिरड्या पांढऱ्या दिसताहेत असं असेल तर घोडीला चालवू नका, डॉक्टरांना तबेल्यात बोलवा. जवळ कोणी नसेल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारा, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात ब्यूट आणि त्या गोळीचं नाव सांगा.