कमी बजेटची टूरिंग सायकल घेताना तिची क्वालिटी कशावरून ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की बजेट बेताचं आहे, सामान लादून आठवडाभराचे दौरे करायचेत, आणि जिथे जाल तिथे गिअर किती आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर नेणारा भाग) कुठला एवढंच सांगितलं जातं. या दोन गोष्टींवरून टूरिंग सायकलबद्दल जवळपास काहीच कळत नाही. मागचा डिरेलर सगळ्यांच्या डोळ्यात भरतो आणि अर्ध्या तासात बदलता येतो. म्हणूनच स्वस्त सायकलीत तिथे एक पायरी वरचा माल लावलेला असतो, आणि पैसे वाचवलेले असतात मागच्या हबमध्ये (चाकाचा मधला भाग), तारांमध्ये, बॉटम ब्रॅकेटमध्ये (दोन्ही पेडलांच्या मधलं बेअरिंग). गिऱ्हाईक तिथे बघत नाही.

तेव्हा बघायचा क्रम उलटा ठेवा. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) पहिले, मग मागचं चाक, मग सगळ्यात हलका गिअर. सीट, पेडल, टायर, ग्रिप या गोष्टींवर दुकानात वेळच घालवू नका, त्या आज ना उद्या बदलल्या जाणारच.

फ्रेमपासून सुरुवात करू. स्टीलच्या फ्रेमवर 'क्रोमोली' (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) असं स्टिकर असेल तर ते नीट वाचा. बऱ्याचदा फक्त पुढच्या त्रिकोणाच्या तीन नळ्या क्रोमोलीच्या असतात, मागचे दांडे आणि फोर्क साध्या हाय-टेन स्टीलचे. त्यात फसवणूक नाही, पण किंमत पूर्ण क्रोमोलीची लावली असेल तर बोला. दोन्ही स्टीलचा कडकपणा जवळपास सारखाच असतो. फरक ताकदीत असतो, त्यामुळे क्रोमोलीची नळी पातळ भिंतीची करता येते आणि वजन वाचतं. स्टिकर नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल तर सीटपोस्ट (सीटचा दांडा) बाहेर काढा आणि त्यावर कोरलेला व्यास वाचा. जुन्या पद्धतीच्या स्टील फ्रेममध्ये सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी असते. त्यात २७.२ चा पोस्ट बसत असेल तर भिंत ०.७ मिमीची, म्हणजे चांगली नळी. पोस्ट २५.४ चा असेल तर भिंत १.६ मिमी, म्हणजे जड, साधा पाइप. (मध्ये शिम, म्हणजे जागा भरणारी पट्टी, घातलेली नाही ना, तेवढं बघा. आणि नळीचा बाहेरचा व्यास २८.६ नसेल तर हा हिशोब लागू नाही.) पोस्ट काढलाच आहे तर त्यावर ग्रीस आहे का तेही दिसेल. कोरडा बसवलेला पोस्ट दोन-तीन पावसाळ्यांत असा अडकतो की निघता निघत नाही.

स्टीलच हवं असा हट्ट मात्र नको. नीट बनवलेली ॲल्युमिनियमची फ्रेम टूरिंगला व्यवस्थित चालते. तिच्यात एकच जपायचं: कॅरियरच्या बोल्टचे आटे मऊ धातूत असतात, तिरका बोल्ट जोर लावून फिरवला की आटे गेले. बोल्ट आधी हाताने चार-पाच फेरे घाला, मगच पाना लावा.

त्या आट्यांची मोजणी आताच करून टाका. मागच्या ड्रॉपआउटवर (फ्रेमची टोकं, जिथे एक्सल बसतो) प्रत्येक बाजूला दोन छिद्रं हवीत, एक कॅरियरला, एक मडगार्डला. सीटकडे जाणाऱ्या मागच्या दांड्यांवर वर आणखी दोन. सगळी एम-५ मापाची (५ मिमीच्या बोल्टची). फोर्कवर खाली मडगार्डसाठी, आणि पुढे लो-रायडर (बॅगा खाली ठेवणारं पुढचं कॅरियर) लावायचं मनात असेल तर फोर्कच्या मधोमध दोन्ही बाजूंना. 'टूरिंग' नावाने विकलेल्या पण फोर्कवर एकही छिद्र नसलेल्या सायकलीही दिसतात. नावावर जाऊ नका.

मग टेप काढा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. ४४० ते ४६० मिमी असेल तर उत्तम. ४२५ च्या आसपास असेल तर पॅनियर (कॅरियरच्या बाजूच्या बॅगा) लावल्यावर प्रत्येक पेडलला टाच बॅगेवर घासते, आणि बॅगा मागे सरकवल्या की वजन एक्सलच्या मागे जाऊन पुढचं हँडल हलकं होतं. हा दोष कुठल्याही पार्टने सुधारत नाही. टायरला किती जागा आहे तेही बघा: ३५ ते ४० मिमीचा टायर आणि वर मडगार्ड, एवढं फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये बसायला हवं.

फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्याने कळतं. मागचं चाक काढा. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, तीनच्या वर गेला तर दुसरी सायकल बघा. दुकानदार चाक काढू देत नसेल तर निदान मागून एका डोळ्याने बघा, चाक मागच्या दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे का. सेकंडहँड घेत असाल तर हँडलखालच्या नळीच्या जोडामागे, खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे रंगाला आडव्या चिरा किंवा बारीकसा फुगवटा लागला तर ती सायकल समोरून कुठेतरी धडकलेली आहे. ती कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

आता मागचं चाक. स्वस्त टूरिंग सायकल वाटेत अडवते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तारा आधी मोजा. मागे ३६ असतील तर छान, ३२ नीट ताणलेल्या असतील तर त्याही पुरतात. २८ किंवा कमी असतील तर लादलेल्या सायकलसाठी नको. पण संख्येपेक्षा ताण महत्त्वाचा. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर गेल्यावर पुन्हा येतो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा चढउतार ती सहज सोसते. ढिली तार मात्र दर फेरीला पार सैल पडते, हबच्या छिद्रात तिचा वाकवलेला कोपरा हलतो आणि काही शे किलोमीटरनंतर तिथेच तुटतो. तार जाड असो की बारीक, ढिली असेल तर तुटणारच. आणि तुटते ती बहुधा गिअरच्या बाजूची, जिथे नवी घालायला आधी गिअरचा गठ्ठा उतरवावा लागतो.

तपासायला मीटर लागत नाही. एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडत जा. आवाज जवळजवळ एकाच पट्टीत यायला हवा. मध्येच एखादी 'थप्' अशी मेलेली वाजली तर ती ढिली आहे. गिअरच्या बाजूच्या तारा उंच आवाजाच्या आणि दुसऱ्या बाजूच्या खालच्या, हा फरक मात्र असायचाच, कारण मागचं चाक गिअरला जागा देण्यासाठी एका अंगाला झुकवून बांधलेलं असतं. मग चाक फिरवा आणि ब्रेक पॅड किंवा मागच्या दांड्याकडे बघत आउट (डावी-उजवीकडे डोलणं) किती आहे ते पाहा. एक मिलिमीटरपर्यंत ठीक.

रिम दुहेरी भिंतीची आहे का, हे टायर एका जागी उचलून रिमची पट्टी सरकवली की दिसतं. तारा आवळणाऱ्या निपलची डोकी खोल भोकांत दडलेली दिसली तर दुहेरी, थेट पृष्ठभागावर दिसली तर एकेरी. एकेरी भिंतीची रिम सामान लादल्यावर पहिल्या खड्ड्यात चेपते. तारांना छोटं लोहचुंबक लावून बघा, स्टेनलेसच्या तारेला ते जेमतेम ओढलं जातं, साध्या मुलामा दिलेल्या तारेला घट्ट चिकटतं.

यानंतरचा प्रश्न, गिअरचा गठ्ठा फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा) आहे की कॅसेट (हबच्या खाचांवर सरकवून बसणारा). चाक काढून गठ्ठा उलटा फिरवा आणि मध्यभागी टूल बसतं त्या खाचांकडे बघा. खाचा दातांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. आणखी एक खूण: सगळ्यात छोट्या चक्रीला ११ दात असतील तर बहुतेक कॅसेट, १४ असतील तर बहुतेक फ्रीव्हील. फरक कशाने पडतो? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छरे पार आत असतात आणि तिथून ड्रॉपआउटपर्यंतचा एक्सल आधाराशिवाय लांब राहतो. मागे पंधरा-वीस किलो सामान आणि वर तुम्ही, की हा एक्सल वाकतो किंवा मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये छरे ड्रॉपआउटच्या जवळ बसतात, त्यामुळे ही भानगडच उरत नाही.

फ्रीव्हील असलेली सायकल लगेच नाकारा असं मी म्हणणार नाही. फ्रेम चांगली असेल आणि किंमत खरंच कमी असेल तर मागचं चाक बदलायचा खर्च किमतीत धरून हिशोब करा. त्यासाठी ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजून ठेवा: १३५ मिमी असेल तर क्विक रिलीजचं (लीव्हरने चाक सोडवता येणारं) कॅसेट हब सहज मिळतं, १३० असेल तर रोड सायकलचं हब लागतं. थ्रू-एक्सल (ड्रॉपआउटमधून आरपार जाणारा जाड एक्सल) असेल तर माप बहुधा १४२ मिमी, एक्सल १२ मिमीचा.

चाक हातात आहे तर एक्सल दोन बोटांनी फिरवा. खरखर लागली तर कोन (छरे धरणारे नट) जास्त आवळलेले आहेत किंवा ग्रीस नावापुरतं आहे. नव्या स्वस्त सायकलीत हे इतकं सर्रास असतं की मी त्याला दोष धरत नाही, घेताक्षणी दोन्ही हब उघडून ग्रीस भरून घ्यायचं आणि त्याच बैठकीत मागच्या चाकाच्या तारा चांगल्या कारागिराकडून ताणून घ्यायच्या. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. एवढ्या पैशात याहून मोठी सुधारणा दुसरी कुठली होत नाही.

गिअरचं गणित सोपं आहे. पुढच्या सगळ्यात छोट्या चेनरिंगचे (पेडलकडच्या चक्रीचे) दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे दात. उत्तर ०.८ च्या खाली हवं. पुढे २६ आणि मागे ३४ असेल तर ०.७६. ७०० च्या चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर, म्हणजे मिनिटाला पेडलचे ६० फेरे मारले तर ताशी ६ किमीच्या आसपास वेग. लादलेल्या सायकलवर लांब चढाला हाच वेग खरा असतो. आता पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ असलेली रोड पद्धतीची सायकल घ्या: ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. त्याच ६० फेऱ्यांना ताशी ९.४ किमी लागतात. तेवढा वेग चढाला टिकत नाही, पेडलची गती खाली येते आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. साधी २१ गिअरची, पुढे २४ आणि मागे २८ वाली सायकलही इथे तिच्यापेक्षा सरस ठरते.

चेनरिंग बोल्टने बसवलेल्या आहेत की रिव्हेट मारलेल्या, हे बघा. रिव्हेटवाल्या असतील तर एक झिजली की अख्खा क्रँक (पेडलचा दांडा) बदलावा लागतो. क्रँक पकडून आडवा हलवा, प्ले (ढिलेपणा) अजिबात नको. बॉटम ब्रॅकेट चौकोनी टोकाचं, बंद कार्ट्रिजचं असेल तर टूरिंगला ते अगदी पुरेसं आहे.

ब्रेकवर फार वाद घालू नका. व्ही-ब्रेक असो की केबलचे डिस्क, दोन्ही चालतात. लीव्हर पूर्ण ताकदीने दाबा, तो हँडलला टेकला तर आधी ॲडजस्ट करायला सांगा, तरी टेकत असेल तर लीव्हर किंवा ब्रेकचे हात लवचिक आहेत. डिस्क असेल तर मागचं कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) कॅरियरच्या पायाच्या वाटेत येतं का तेवढं बघा. सस्पेन्शनचा स्वस्त फोर्क मात्र नकोच. दोन-अडीच किलोचं ओझं, पुढे बॅगा लावायची सोय नाही, आणि चढाला उभं राहून पेडल मारलं की खालीवर होत राहतो.

कॅरियर सायकलसोबत येत असेल तर त्यावर छापलेली क्षमता वाचा, २५ किलो ही टूरिंगला नेहमीची पायरी. मग त्याचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. सायकलही सोबत हलायला हवी. नुसतं कॅरियरच डोलत असेल तर भरलेल्या बॅगा उतारावर हँडल थरथरवतील.

शेवटी सायकल चालवून बघायची, पण रिकामी नाही. दोन बॅगांत दहा-बारा किलो पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन जा. सपाट रस्त्यावर आणि मग हलक्या उतारावर २५-३० च्या वेगाने जा, हँडल सैल धरा, सोडू नका. थरथर सुरू झाली तर गुडघा आडव्या नळीला टेकवा, ती बहुधा लगेच थांबते. मग खाली उतरून हेडसेट (हँडलखालच्या नळीतलं बेअरिंग), दोन्ही हब आणि कॅरियरचे बोल्ट यांतला प्ले काढून घ्या, बॅगा शक्य तितक्या खाली आणि पुढे सरकवा आणि त्याच उतारावर परत जा. थरथर गेली तर सायकल ठीक आहे. तरीही राहिली तर फ्रेम त्या वजनासाठी बनलेली नाही किंवा वाकडी आहे, आणि त्यावर दुकानदार कितीही सूट देत असला तरी घेऊ नका.