साडेचार हजारांचा पंखा की सहा लाखांची गाडी?

साताऱ्याच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची सॅन्ट्रो झिंग नोव्हेंबर २०११ ची, ९२ हजार किलोमीटर झालेली. पोवई नाक्यावर अडकलं की तापमानाचा काटा वर सरकतो, हायवेला लागलं की आपोआप खाली येतो. मेकॅनिक म्हणाला, रेडिएटरचा पंखा गेला. कंपनीची असेंब्ली (मोटर, पाती आणि कव्हर एकत्र) ४,६०० रुपये, लोकल १,९००, भंगारातल्या गाडीची काढलेली ९००, आणि आहे तोच पंखा 'डायरेक्ट' करायचा तर ३००. मजुरी पाचशे वेगळी. नणंदेचं म्हणणं, पंधरा वर्षांच्या गाडीत पैसे घालू नकोस, जीएसटी कमी झालाय, नवी घे. हातात पगार ५२,००० येतो. घराचा हप्ता १४,५००, एसआयपी ५,०००, बचत खात्यात ४०,०००. मुलीची बारावी २०२८ मध्ये. रोज शाळेचं जाणं-येणं २८ किलोमीटर आणि महिन्यातून एकदा आईला पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. गाडी आत्ता विकू नका. पंखा कंपनीचाच बसवा, पण पैसे देण्याआधी मेकॅनिककडून एक तपासणी करून घ्या.

ती तपासणी अशी. पंख्याच्या मोटरचा प्लग काढून दोन वायरी थेट बॅटरीला लावायच्या. पंखा जोरात फिरला तर मोटर शाबूत आहे. दोष फ्यूज, रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच), टेम्परेचर सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे आणि तो काही शे रुपयांत निघतो. फिरलाच नाही, हाताने ढकलल्यावर अडखळत सुरू झाला किंवा घरघरला, तर मोटरमधले कार्बन (वीज पोचवणारे तुकडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत, नवीन घ्यावाच लागेल. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं पंख्याकडेच बोट दाखवतात. पळत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर गार करतो, थांबलेल्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं असतं. तरी ४,६०० रुपये मोजण्याआधी ही खात्री हवी.

तीनशे रुपयांचा पर्याय आधीच बाद करा. डायरेक्ट म्हणजे सेन्सरला वगळून, चावी फिरवली की पंखा सुरू. तुमचा जुना, झिजलेला पंखा मग थंडीतल्या सकाळीसुद्धा सतत फिरणार. त्याचं उरलंसुरलं आयुष्य लवकर संपतं, बॅटरीवर आणि अल्टरनेटरवर कायमचा भार पडतो. त्याच्या जोडीला कोणी 'थर्मोस्टॅट काढून टाकू' म्हणालं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिन नीट तापलं नाही की पेट्रोल जास्त जातं, आणि ते बिल तुम्ही दर आठवड्याला पंपावर भरत राहता.

भंगारातली मोटर किती चाललेली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ९०० रुपये आणि पाचशे मजुरी घालून दुसऱ्याची झिजलेली मोटर कशाला घ्यायची?

आता खरा प्रश्न, लोकल की कंपनीचा. फरक २,७०० रुपयांचा आहे. लोकल पंखा दिसायला तसाच असतो. पात्यांचा घेरही बऱ्याचदा जुळतो. फरक असतो तो मोटरच्या ताकदीत, तांब्याच्या वाइंडिंगमध्ये, बुशमध्ये आणि भोवतीच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. कव्हर नीट बसलं नाही तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत राहतो. एकदा मी असाही पंखा पाहिलाय, ज्याच्या प्लगमध्ये वायरी उलट होत्या. पंखा फिरत होता, पण उलटा. हवा इंजिनकडे ओढायच्या ऐवजी पुढे ढकलत होता. फिरतोय म्हणून सगळे निर्धास्त.

वडिलांच्या गाडीला मी स्वतः लोकल पंखा बसवला होता. तेव्हा बाराशे रुपये वाचले. पुढच्या मे महिन्यात कात्रजच्या रांगेत तो बंद पडला. वडिलांचं काट्याकडे लक्ष गेलं नाही, ते एसी लावून रांगेत पुढे सरकत राहिले. दुसऱ्या दिवशी इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ चहासारखा थर चिकटलेला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलं होतं, कूलंट ऑइलमध्ये उतरलं होतं. अॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं. ते काढून घासून सपाट करणं, गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी असं मिळून सतरा हजार झाले आणि गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये.

हेडचं काम आज १८,००० धरा. २,७०० म्हणजे त्याचे १५ टक्के. स्वस्त पंख्यामुळे हेड जाण्याची शक्यता सातात एक असेल, तर दोन्ही पर्याय साधारण सारखेच पडतात. तुम्ही काट्यावर नजर ठेवता, वेळीच थांबता, म्हणून तुमचा धोका त्याहून कमी असेल हे मान्य. नुसत्या आकड्यांवर लोकल निवडता येईल. तरीही माझा कौल कंपनीकडे जातो तो आईंच्या पुण्याच्या फेरीमुळे. वाटेत घाटाचा चढ, पुढे रांगणारे ट्रक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि शेजारी आजारी माणूस. तिथे बंद पडलेल्या पंख्याची किंमत मी रुपयांत मांडू शकत नाही. २,७०० रुपये दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला ११३ पडतात.

पुण्याला जाताच आहात तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतही भाव विचारा. कंपनीला मोटर पुरवणाऱ्या उत्पादकाचा तोच माल त्याच्या स्वतःच्या खोक्यात कधीकधी स्वस्त मिळतो, दर्जा तोच. मात्र एसीच्या गाडीचा पंखा वेगळा असू शकतो, त्यामुळे आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) सोबत न्या, पार्ट नंबर जुळवा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिल नाही तर वॉरंटीही नाही. विम्यातून यातलं काही मिळणार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत धरत नाहीत.

नणंदेचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरंच आहे. पण हिशोब बघा. सहा लाखांची गाडी, एक लाख आपले, पाच लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता जवळपास १०,३८०. घराचा हप्ता धरून २४,८८० झाले, पगाराच्या निम्म्याला टेकले. व्याजच सव्वा लाखाच्या घरात. शिवाय ते एक लाख तुमच्याकडे आज नाहीत. आणि हप्ता चालू असतानाच मुलीच्या कॉलेजची पहिली फी येणार.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट पंख्याइतकीच महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये आरसीला १५ वर्षं पूर्ण होतात. आरटीओत फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागेल. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर. झालं की पुढची पाच वर्षं गाडी चालवता येते. म्हणून पंख्यासोबत पत्रा आणि चॅसिसही त्याच मेकॅनिककडून बघून घ्या. खालून गंजून पोखरली असेल तर माझा सल्ला बदलेल. मग लोकल पंखा बसवून नोव्हेंबरआधी गाडी काढून टाका. पत्रा चांगला असेल तर २०२८ पर्यंत ठेवा.

पैसे बचत खात्यातून द्या, एसआयपीला हात लावू नका. खर्च झालेले ५,१०० तीन महिन्यांत १,७०० प्रमाणे परत भरा. नंतर बँकेत ३,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. दोन वर्षांत ७२,००० मुद्दल आणि वर व्याज जमेल. नवी गाडी तेव्हा घेतलीत तर कर्ज तेवढं कमी काढावं लागेल.

पंखा बसेपर्यंत गाडी गावात सकाळी लवकर, रस्ते मोकळे असतानाच काढा. काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजतो. आईंची पुढची तारीख त्याआधी आली तर गाडी घरीच ठेवा आणि स्वारगेटची एसटी धरा.