ताई, ते बचतीचं डबडं घेऊ नका

इंदिरानगरला तुमची अभ्यासिका, विजेचं बिल 11 हजारांवर गेलेलं, आणि ‘मीटरजवळ हे यंत्र लावा, 30 टक्के वाचतील’ म्हणत एक माणूस मागे लागलाय, हे वाचलं आणि राहवलं नाही. माझीही अभ्यासिका आहे, इथेच नाशकात, सिडकोत. ते यंत्र मी घेतलं होतं. एक नाही, दोन. 14 हजारांना.

त्यानं तुम्हालाही टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचा चिमटा) लावून दाखवलं असेल. यंत्र जोडलं की अँपिअरचा आकडा झरकन उतरतो. हातचलाखी नसते त्यात, खरंच उतरतो. पंख्याची मोटर चुंबकत्वासाठी जो जादा प्रवाह ओढते, तो तारेतून यायच्याऐवजी डब्यातला कपॅसिटर पुरवतो. पण लहान जोडणीचं बिल त्या प्रवाहावर कधी नव्हतंच, ते युनिटवर असतं. युनिट तेवढेच राहतात. शेवटी एक डबा फोडला: कपॅसिटर, हिरवा दिवा आणि वजनाला सिमेंटचा गोळा!

14 हजारांपेक्षा त्यानंतरचे आठ महिने महाग पडले. यंत्र लावलंय म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही, उलट मीटरवर संशय घेऊन तपासणीचे पैसे भरले. मीटर ठणठणीत. मग यंत्राची तक्रार घेऊन एका कार्यालयात (नाव घेत नाही) तीन खेपा. पहिल्यांदा ‘साहेब नाहीत’, मग ‘हे आमच्याकडे येत नाही’, तिसऱ्यांदा ‘पक्कं बिल कुठंय?’ माझ्याकडे चिठोरं होतं. विषय संपला.

एलईडी तुम्ही लावलेच असतील, ते सोडा. रात्री कुलूप लावताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. माझ्याकडे माणूस नसताना 4 युनिट जात होते! पाण्याचा कूलर आणि जिन्यातला हॅलोजन. कूलरला टायमर लावला.

मग पंखे. जुना 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, रिमोटवर चालणारा नवा पंखा) 30च्या आसपास. 12 पंखे, 14 तास, म्हणजे दिवसाला साडेसात युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, जे सर्वात जास्त फिरतात ते आधी. जुना रेग्युलेटर काढून टाका, आणि रिमोट काउंटरला दोरीनं बांधा, पोरं लपवतात. एसी 26 वर आणि सोबत पंखा. कुरकुर होईल, होऊ द्या. वरचा मजला असेल तर उन्हाळ्याआधी गच्चीला चुना मारा. नाशकात रात्री हवा पालटते, तेव्हा एसी बंद करून खिडक्या उघडायला मुलांना सांगावं लागतं, आपणहून कोणी उठत नाही.

मी इलेक्ट्रिशियन नाही, वायरमनला दाखवूनच करा. आणि मंजूर भार 20 किलोवॅटच्या वर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बिल केव्हीएएचवर, म्हणजे तो जादा प्रवाहही धरून येत असेल, तर कपॅसिटरचा खरा उपयोग होतो. पण तोही भार मोजून बसवलेला, दारावर विकायला आलेला नव्हे. तुमच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेवढं कळवा.